चाचा, तुमची हरकत लिहायची राहिली

चाचा, परवा सकाळी तहसिलातून चौकशीचे साहेब येणार आहेत. तुमचा अर्ज त्यांना पोचला. तुम्हाला माती देऊन आज बारा दिवस झाले, आणि तुमचा अर्ज आता कुठं फिरून गावात येतोय. निरोपाचा कागद हातात पडल्यापासून मी तो दिवसातून दहादा उघडून बघतो. भाकरीचा तुकडा घशाखाली उतरत नाही. बायको म्हणते, "चाचांचं जाणं लई मनाला लावून घेतलंत तुम्ही." मी मान हलवतो. ते खोटं नाही. पण सगळं खरंही नाही, आणि उरलेलं मला तिला सांगवत नाही. म्हणून तुम्हाला सांगतोय.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायची रीत आहे. मी बोलेन. पण आधी मला भांडायचंय. अर्ज करायची एवढी काय घाई झाली होती तुम्हाला? 'दुरुस्ती करू' असं मी तोंडावर सांगितलं होतं ना? बरं, केली नाही मी दुरुस्ती. सोळा दिवस तुम्ही खाटेवर धापा टाकत होतात आणि मी तुमच्या दारावरून जायला नको म्हणून सायकल कुंभारवाड्याच्या बोळातून घालत होतो. कबूल. तरीपण चाचा, सरकारला लिहायच्या आधी एकदा मला हाक मारायची होती. मी आलो नसतो कदाचित. पण मारायची होती.

मी या गावात ग्रामसेवक म्हणून आलो तेव्हा राज्य नवं होतं, पंचायत नवी होती, आणि मी तर त्याहून नवा. तुळजापूरच्या पुजाऱ्याच्या घरात वाढलेला. आमच्याकडं उतरलेल्या भक्तांची नावं वहीत लिहायचं काम लहानपणापासून माझ्याकडं. गाडीभर माणसं आली तरी वडील म्हणायचे, थोरल्याचं नाव घाल आणि पुढं लिही, 'सहकुटुंब सहपरिवार'. झालं काम. म्हाताऱ्या, लेकी, सुना, कडेवरची पोरं, सगळी त्या दोन शब्दांत बसायची. तीच सवय घेऊन मी तुमच्या चावडीत आलो. पहिल्याच बैठकीत गावातल्या रस्त्याचा विषय निघाला, सगळ्यांनी माना डोलावल्या, मी प्रोसिडिंगच्या वहीत लिहून मोकळा झालो, 'ठराव सर्वानुमते मंजूर'. आणि कोपऱ्यातून तुमचा आवाज आला, "भाऊसाब, सर्व म्हणजे किती?"

मी म्हटलं, "सगळे."

"मला धरून का मला सोडून?"

लोक हसले. तुम्ही पंचायतीचे मेंबर, वयानं माझ्या वडलांएवढे, डोक्याला पांढरी टोपी, धोतराला बागेतला चिखल. "रस्ता चांगलाच आहे," तुम्ही म्हणालात. "करा. पण माझ्या दारापुढची मोरी त्यात बुजती, म्हणून माझं न्हाय हाय. तेवढं लिवा आन् मग खुशाल रस्ता करा." आपले सरपंच नरहरी अण्णा कपाळाला हात लावून मला म्हणाले, "ह्यांचं हे असंच असतंय भाऊसाहेब. सवय करून घ्या."

सवय कसली होतीय! तीन वर्षं तुम्ही माझं रक्त आटवलंत.

गावाची रीत मला हळूहळू कळली. चावडीसमोर लिंबाचा पार. बैठकीत एखाद्याला गोष्ट पटली नाही तर तो तोंडानं नाही म्हणत नसे. तो हळूच उठायचा, चपला पायात घालायचा आणि बाहेर लिंबाखाली जाऊन तंबाखू मळत उभा राहायचा. याला गावात 'बाजूला होणं' म्हणत. तो बाजूला झाला की आत उरलेल्यांचं एकमत. मग ठराव व्हायचा, तो परत आत यायचा, आणि पुढं त्याविषयी चकार शब्द काढायचा नाही. कुणी त्याला हसत नसे, कुणी त्याच्यावर डूख धरत नसे. मला ही रीत भलतीच आवडली. प्रशिक्षण केंद्रात आम्हाला शिकवलेलं, गाव एका निर्धारानं उठलं तरच विकास होतो. इथं तो निर्धार आयता मिळत होता, तंटा नाही, मतपेटी नाही. आख्ख्या गावात बाजूला न होणारे तुम्ही एकटे. बसल्या जागेवरून 'माझं न्हाय हाय' म्हणायचं आणि मी लिहून घेईपर्यंत माझ्या हाताकडं बघत राहायचं. मी लिहायचो. समासात, बारीक अक्षरात, पण लिहायचो.

आणि हरकती तरी कसल्या! बाजाराचा वार बदलायचा ठरला तेव्हा तुम्ही अर्धा दिवस चावडी अडवून धरलीत. कारण काय, तर तुमचे पेरू सोमवारी उतरतात आणि बाजार शनिवारी गेला तर ते मऊ पडतात. मी चिडून म्हणालो, "चाचा, तुमच्या पेरूंपायी देश थांबवायचा का?" तुम्ही अगदी शांतपणे म्हणालात, "देश चालू द्या की. माझे जांब मऊ पडले एवढं वहीत ऱ्हाऊ द्या." आणि वर घरी जाताना मलाच पिशवीभर पेरू दिलेत. ते मी खाल्ले. लाज वाटली, पण खाल्ले.

दिवस कलला की तुमच्या बागेत भांडण पुढं चालू व्हायचं. माझं म्हणणं साधं होतं, आजही आहे. आख्खं गाव प्रत्येकाच्या मनासारखं चालवायचं म्हटलं तर एक विहीर खणून होणार नाही. एकट्यादुकट्यानं थोडं सोसलं तर सगळ्यांचं भलं होतं. तुम्ही कोयत्यानं फांद्या छाटत ऐकायचात. "बरोबर हाय," म्हणायचात. मला वाटायचं जिंकलो. तेवढ्यात तुमचं सुरू. "पण सोसायचं कुणी ते तुम्ही ठरवणार, आन् त्यानं सोसलं हे लिवणार बी न्हाय. हे कसं?"

"लिहिलं तर ठराव अडतो, चाचा."

"का अडतो? मी मोजा म्हणतो. माना कुठं म्हणतो?"

आणि हे म्हणणारे तुम्ही कोण? टंचाईत स्वतःची विहीर गावाला मोकळी करणारे. निम्मी बाग वाळली त्या साली तुमची. मी तुम्हाला 'गावातले खरे समाजवादी' म्हणून चिडवलं, तेव्हा तुम्ही कोयता खाली ठेवलात. "विहीर मी दिली, भाऊसाब. माझी होती म्हणून देता आली. तुम्ही ठराव करून घेतली असती तर मी काय दिलं असतं?" याच्यावर मी हरलोय असं समजू नका, अजून विचार करतोय. निजामाचं राज्य तुम्ही जवळून पाहिलेलं. "तिथं एकच माणूस 'मी' म्हणायचा, बाकी समदे 'जी हुजूर'," तुम्ही सांगायचात. "आता तुम्ही म्हणता समद्यांनी मिळून 'आमी' म्हणा. म्हणतो की. पण मधी कुठंतरी मला बी एकदा 'मी' म्हणू द्या."

एका दुपारी मी विचारलंच. "चाचा, सगळी माणसं गावासाठी बाजूला होतात. तुमचं काय जातंय हो दोन पावलं लिंबाखाली जायला?"

तुम्ही मला पोलीस ॲक्शनच्या वेळचं सांगितलंत. निजाम गेला, आसपासच्या गावांतून नाही नाही त्या बातम्या येत होत्या. आपल्या गावात मुसलमानांची सात घरं, त्यातलं एक तुमचं. त्यांचं काय करायचं हे ठरवायला गाव याच चावडीत बसलं. तुम्ही चावडीशेजारच्या कुंभाराच्या भट्टीआड दडून ऐकत होतात. काहीजण म्हणाले, घालवून द्या. आवाज चढले. मग रीतीप्रमाणं चार-पाच माणसं उठली, त्यांनी चपला घातल्या आणि लिंबाखाली जाऊन उभी राहिली.

"दोस्त होते माझे," तुम्ही म्हणालात. "जानी दोस्त. एक जण तर माझ्या लेकीच्या लग्नात पंगतीला वाढत होता. त्यांना ते पटत नव्हतं, म्हणून तर उठले बिचारे. पण उठले, आन् आत एकमत व्हायला मोकळं झालं."

धोंडीबा कुंभार तेवढा उठला नाही. तो म्हणाला, "माझं न्हाय हाय, आन् म्या उठत बी न्हाय. मी हितं बसलेला असताना करा काय करायचं त्ये." तो बसून राहिला म्हणून गावाचा शब्द एक होईना. बऱ्याच वेळानं लोक कंटाळले, काहींना शरम वाटली, आणि एकेक करून घरी गेले. दुसऱ्या दिवशी डोकी थंड झाली होती. धोंडीबा कधीच गेला, तरी त्याचं नाव घेताना तुम्ही टोपी सारखी करायचात.

त्या दिवशी मी पुढं वाद घातला नाही. घाबरलो होतो मी, चाचा. त्या बैठकीत वही लिहायला मी असतो तर काय लिहिलं असतं, हा विचार डोक्यात आला आणि मी लगबगीनं सायकल काढली. तुम्हाला वाटलं असेल, पोराला काम आठवलं.

आता त्या ठरावाचं.

ओढ्याकाठच्या जमिनीचे बांध मोडून एक सलग रान करायचं, सगळ्यांनी मिळून कसायचं, पाण्यासाठी ओढ्यावर इंजिन बसवायचं. सामुदायिक शेती सोसायटीची ही योजना अण्णांनी आणली तेव्हा मला उड्या माराव्या वाटल्या. बैल वळवायला जागा नाही इतक्या अरुंद पट्ट्या आहेत तिथं, तुम्हाला का माहीत नाही? अट एकच होती. तिथल्या प्रत्येक जमीनवाल्याची संमती, आणि त्यावर गावाचा एकमतानं ठराव. सगळे तयार झाले. राहिली गोदाबाई, तुमच्या बागेशेजारची विधवा, दोन एकरांची मालकीण. तिच्या वतीनं तिचा दीर म्हणाला, आमची संमती आहे. आणि तुम्ही पेटलात.

"जमीन तिची, आन् संमती दिराची?" बैठकीआधी तीन दिवस तुम्ही माझं डोकं खाल्लंत. "येळवशीच्या अमावास्येला समदं गाव आपापल्या रानात जेवतं. ती बाई एकटी कडब्याची कोप घालती, पाच दगडांचे पांडव मांडती, येणाऱ्या जाणाऱ्याला आंबील पाजती. बांध गेला तर कोप कुठं घालायची तिनं? सोसायटीच्या रानात?"

"चाचा, एका कोपीपायी इंजिन घालवायचं का?"

"इंजिन आणा. पण तिचं न्हाय हाय, ते लिवा."

एरवी आपल्या बैठका सकाळच्या असत, त्यामुळं नमाजची वेळ कधी मधे यायची नाही. त्या दिवशी मात्र बैठक लांबली. जेवणं झाली, ऊन कललं, तरी गोदाबाईचा विषय निघायचाच होता. तुम्ही माझ्या कानाशी वाकलात. "असरची वेळ झाली. नमाज पढून आलोच. तोवर ठराव घालू नका." मी मान हलवली. तुम्ही उठलात, चपला पायात घातल्या आणि लिंबाखालून मशिदीकडं गेलात.

सगळी चावडी तुमच्या पायांकडं बघत होती. "चाचा उठले!" कुणीतरी हळूच म्हणालं. अण्णांचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू. त्यात लबाडी नव्हती, चाचा. त्यांना अगदी मनापासून वाटलं की आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही गावासाठी बाजूला झालात. "बघा, शेवटी चाचांनी गावाचा मान राखला," ते म्हणाले. "आता गाव एक हाय. लिहा भाऊसाहेब."

तुम्ही कुठं गेलात ते मला एकट्याला माहीत होतं. तोंड उघडायचं, एवढंच काम होतं. 'अण्णा, थांबा, चाचा परत येणार आहेत.' किती शब्द होतात हे? माझ्या मनात आलं, आता अडलं तर योजना दुसऱ्या गावाला जाईल. मनात आलं, इतक्या घरांचं भलं होतंय. मनात आलं, चाचांना मागाहून समजावू, ते काय, आपलेच आहेत. आणि मी लिहिलं. तुमची हरकत समासातसुद्धा घातली नाही.

तुम्ही परत आलात तेव्हा लोक उठत होते. काहीजणांनी तुमचे हात हातात घेतले. तुम्हाला काही उमगेना.

"झालं?" तुम्ही मला विचारलंत.

"झालं."

"काय लिवलं?"

मी वही मिटून काखेत घेतली. "उद्या दुरुस्ती करू, चाचा."

ओरडला असतात तर बरं झालं असतं. शिव्या घातल्या असत्यात तरी चाललं असतं. तुम्ही नुसते पारावर जाऊन बसलात आणि खोकत राहिलात. तिथूनच तुम्हाला धाप लागली, ती शेवटपर्यंत थांबली नाही म्हणे. डॉक्टर म्हणतात, दमा जुना होता. मी स्वतःला रोज तेच सांगतो.

तुम्ही उर्दू शाळेत शिकलेले, मराठी वाचता येत नव्हतं तुम्हाला. म्हणून प्रत्येक बैठकीनंतर मला वही वाचून दाखवायला लावायचात. मी वैतागायचो. वाचायचो भराभर, तुम्ही म्हणायचात, "सावकाश." आता वाटतं, माझं लिहिलेलं आख्ख्या गावात एवढं मन लावून कुणी ऐकलं असेल तर ते तुम्ही. बाकीच्यांनी अंगठे आणि सह्या केल्या. एक अक्षर चुकलं तरी तुम्ही पकडायचात, न वाचता. तुमच्यामुळं मी नीट लिहायला शिकलो, आणि नेमकं जे लिहायचं ते लिहिलं नाही.

अर्जही तुम्ही उर्दूतच लिहिलात. पूर्वी तहसिलात सगळाच कारभार उर्दूत चालायचा, आता वाचणारा एकच जुना कारकून उरलाय, आणि तो रजेवर होता. म्हणून अर्ज पडून राहिला आणि तुम्ही त्याच्याआधी गेलात.

परवा साहेब मला विचारतील, नोंद खरी का? खरी म्हणालो तर तुमचा अर्ज खोटा ठरतो, मेल्यावर तुम्ही खोटे ठरता, आणि गोदाबाईची जमीन तिच्या तोंडचा शब्द न निघता जाते. खोटी म्हणालो तर खोटी नोंद करणारा ग्रामसेवक म्हणून माझी नोकरी जाते. दोन लेकरं आहेत मला, थोरली आत्ता पाटी-पेन्सिल धरायला लागलीय. योजना जाईल ती वेगळीच, गाव माझ्या तोंडाला काळं फासेल. काल अण्णा येऊन बसले होते. "आजारपणात लिहिलंय चाचांनी, दुसरं काय," ते म्हणाले. "बाजूला झाले होते की, सगळ्यांनी बघितलं." मी परत मान हलवली. या मानेला काय झालंय कळत नाही.

तुम्ही असता तर तुम्हालाच विचारलं असतं, चाचा, काय करू? आणि तुम्ही मला चार शब्द सुनावून वर पेरू दिले असते.

वर लिहिलं ते चार-पाच दिवसांपूर्वीचं. साहेब येऊन गेले. सांगतो.

चावडी गच्च भरली होती. बाहेर भिंतीला धरून बायकाही उभ्या होत्या, कारण साहेब जीपनं आले होते. साहेबांनी अण्णांना विचारलं, त्यांनी सांगितलं, सर्वानुमते. दिराला विचारलं, त्यानं सांगितलं, संमती आहे. मग ते माझ्याकडं वळले.

"नोंद तुमच्या हातची?"

"होय साहेब."

"बरोबर आहे?"

माझी मान हलायला लागली होती, तुळजाभवानीची शपथ, लागली होती. ती कशी थांबवली मला माहीत नाही. "नाही साहेब," मी म्हणालो. "दस्तगीर चाचा बाजूला झाले नव्हते. नमाजला गेले होते. ठराव घालू नका म्हणून मला सांगून गेले होते. मी ऐकलं आणि तरी लिहिलं."

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. "मग त्या दिवशी बोलला का न्हाय भाऊसाहेब?" ते म्हणाले, रागानं नव्हे, दुखावून. "मी काय लबाड हाय व्हय? मला सांगितलं असतं तर थांबलो असतो की." त्यांचं खरं होतं. ते थांबले असते.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "अर्जदार मयत आहेत. मयताची हरकत चालवता येत नाही. पण अर्जात ज्या बाईंचं नाव आहे, त्या कुठं आहेत?"

"ती काय बोलणार साहेब," दीर म्हणाला. "बाईमाणूस, अडाणी."

"हाय की हितं," भिंतीबाहेरून आवाज आला. "म्या काय मेले न्हाय."

गोदाबाई आत आली. डोक्यावर पदर, पायाला रानातली माती. साहेबांनी विचारलं, "बाई, तुमची जमीन सोसायटीत घालायला तुमची हरकत आहे का?"

"मला कुणी इचारलंया?"

"मी विचारतोय ना."

"तुमी इचारताय. ह्यांच्यातल्या एकानं बी न्हाय इचारलं. दीर म्हनला दिली. चाचा म्हनला न्हाय दिली. माझ्यासाठनं लई भांडला म्हनं बिचारा, आल्ला त्येचं भलं करो. पर भांडायच्या आदी बांधावरनं एक हाळी तर द्यायची व्हती. चार पावलांवर त्येची बाग!"



"मग तुमचं म्हणणं काय?" साहेब म्हणाले.

"एकलीनं रान करून करून कंबर मोडली माझी. दर साली दुसऱ्याच्या बैलांची वाट बघायची, त्येची पेरणी झाल्यावर माझी. मला पायजे सोसायटी. पर दिरानं दिली असं नगं. म्या देते म्हून लिवा. आन् येळवशीची कोप म्या सांगीन तितं घालायची, हे बी लिवा."

तिला पाहिजे होती! तीन दिवस तुम्ही तिच्या वतीनं नाही म्हणत होतात, मी गावाच्या वतीनं हो म्हणत होतो, आणि ती तिथंच कुंपणापलीकडं खुरपत होती.

साहेबांनी तिचं म्हणणं जसंच्या तसं लिहून घेतलं, तिचा अंगठा घेतला. माझी वही ताब्यात घेतली. "तुमच्याबद्दल वर कळवावं लागेल," मला म्हणाले. कळवतील. योजनेचं काय होईल, माझं काय होईल, काही कळत नाही. अण्णा दोन दिवस बोलले नाहीत, आज सकाळी नुसते "चहा घेतला का?" म्हणाले, तेवढ्यावर मला रडू आलं.

साहेब गेले त्याच दिवशी ऊन उतरल्यावर मी तुमच्या घरी गेलो. मातीनंतर पहिल्यांदा. चाची इद्दतीत, नवऱ्यामागं पाळायच्या चार महिन्यांच्या एकांतात, पडद्याआड. मी ओसरीवर बसून पडद्याकडं बघत सगळं सांगितलं. नमाजचं, मान हलवल्याचं, बोळातून सायकल घालायचो त्याचं. मी म्हटलं, चाची, मला माफ करा. मग गोदाबाई काय म्हणाली ते सांगितलं, तेव्हा आतून कसला तरी आवाज यायला लागला. मला वाटलं, हुंदका. चाचा, त्या हसत होत्या.

"या अल्ला! गोदाला विचारलंच न्हाय?" त्या म्हणाल्या. "तीन दिवस माझ्या चुलीपुढं बसून गोदाबाई, गोदाबाई! मी दोनदा म्हटलं, अजी, ती रोज माझ्याकडं ताक न्यायला येती, विचारून बघू का? तर मला म्हणतात, तू गप बस, पंचायतीतलं तुला काय कळतंय." हसता हसता त्यांना ठसका लागला. "समद्या गावाचं न्हाय मोजत फिरला हा माणूस, भाऊसाब. घरात माझं न्हाय एकदा तरी मोजलं असेल तर शपथ!"

आणि मग तो आवाज फाटला, आणि त्या रडायला लागल्या. मोठ्यानं, पोरीसारख्या. तुम्ही गेल्यापासून त्या रडल्या नव्हत्या म्हणे. मी ओसरीवर बसून राहिलो. काय करावं कळेना, म्हणून मीही रडलो.

बऱ्याच वेळानं पडद्याआडून बारीक आवाज आला. "हे त्यांना तोंडावर सांगायचं होतं. राहून गेलं बघा."

ते सांगायला मी आज परत लिहायला बसलो, चाचा. नोंदीची वही तहसिलात आहे, म्हणून ही हरकत साध्या कागदावर लिहितोय. चाची म्हणतात, तुम्ही त्यांना एकदाही विचारलं नाहीत. तुमच्यासाठी रडत रडत त्यांनी हे मला सांगितलं.